वजनदार ठोकळे

साहेबांनी डावीकडची चौकट उचलली आणि तिचा जीव टांगणीला लागला. नेमकी तीच हलकी होती.

टेबलावर दोन लाकडी चौकटी होत्या, दिसायला जुळ्या बहिणी. प्रत्येकीत चौदा ठोकळे, काही लांब, काही वाकडे, काही चौकोनी, एकमेकांत गच्च बसवलेले. मोबाइलवरच्या एका खेळात असे ठोकळे वरून पडतात आणि ते फिरवून फिरवून ओळीत बसवावे लागतात. तो खेळ तिने लाकडात उतरवला होता. पहिली चौकट हौसेने, स्वतःसाठी, पाच वर्षं वाळलेल्या लाकडाची. ती तिच्या ऑफिसातल्या टेबलावर पाहिली आणि साहेबांचे डोळे लकाकले. मोठे साहेब मीटिंग चालू असताना टेबलाखाली हाच खेळ खेळतात, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं. आणि नव्या शाखेचा प्रमुख मोठे साहेबच नेमणार होते.

"अश्शीच एक करून दे मला, मोठ्या साहेबांना भेट द्यायला," साहेब म्हणाले होते. "रविवारी घरी येऊन घेऊन जातो."

तिने केली. लाकूड मात्र घेतलं पंधरा दिवसांपूर्वी पाडलेल्या झाडाचं, ओलं आणि म्हणून जड. असं लाकूड वाळताना आकसतं, पिळतं, चिरतं. महिनाभरात चौदा ठोकळे चौदा दिशांना तोंडं करणार होते. रंधा हातात धरलेल्या कोणालाही हे नुसत्या वजनावरून कळलं असतं. म्हणूनच तिने दोन्ही चौकटी शेजारीशेजारी मांडल्या होत्या. दया वगैरे काही नव्हती त्यात. साहेबांनी स्वतःच्या हाताने निवडावी, एवढीच तिची इच्छा होती.

साहेबांनी हलकी चौकट खाली ठेवली, दुसरी उचलली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे वा! ही बघ कशी भरभक्कम आहे. ती अगदीच फुसकी वाटते गं. हीच नेतो."

"तुम्हाला जास्त कळतं, साहेब."

कोचावर सासूबाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. सुताराची लेक होत्या त्या. साहेबांचा हात वजनाने खाली झुकला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मग साहेबांना फोटो हवे झाले. मोठ्या साहेबांना म्हणे हाताने काम करणारी माणसं आवडतात. बाल्कनीत तिचं कामाचं टेबल होतं. साहेबांनी तिचा एप्रन चढवला, रंधा उचलला आणि चेहऱ्यावर तल्लीन भाव आणले. रंधा उलटा धरला होता. तिने सांगितलं नाही.

"खांद्यावर जरा भुसा टाक," साहेब म्हणाले. "खरं वाटलं पाहिजे."

तिने हात आखडता घेतला नाही, केसांवरही टाकला.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या जिन्याचा आराखडा तिने काढला होता. आठ महिने घालवले होते त्यात. उद्घाटनाच्या दिवशी त्याच जिन्यावर उभं राहून साहेबांनी, हा जिना आपल्याला पहाटेच्या स्वप्नात कसा दिसला, ते सांगितलं. ती शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. ते आठवलं की तिचे तळहात अजून चुरचुरत.

"खाली नाव कोरायचं राहिलंय," ती पटाशी हातात घेत म्हणाली. "कोणाचं कोरू?"

विचारलं आणि तिलाच धास्ती वाटली. हा माणूस चुकून 'तुझं' म्हणाला तर? मग चौकट बदलून द्यावी लागली असती, आणि ते तिच्या अगदी जिवावर आलं असतं.

"माझंच टाक. तुझंही टाकलं असतं गं, पण दोन नावं म्हणजे उगाच गर्दी होते. आणि हो, त्याखाली 'स्वहस्ते' असं लिही."

तिला हायसं वाटलं. ओल्या लाकडात पटाशी अलगद उतरत गेली. तिने नाव कोरलं, आडनाव कोरलं, हुद्दा कोरला, आणि 'स्वहस्ते' तर जास्तच मन लावून कोरलं. साहेब चहा पीत स्वतःचे फोटो बघत होते.

"पुसट होणार नाही ना पुढेमागे?"

"बाकीचं सांगता येत नाही, साहेब. नाव मात्र खोल गेलंय. ते हलायचं नाही."

साहेब चौकट छातीशी धरून, तोल सांभाळत जिना उतरले. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"किती दिवस टिकेल?" सासूबाईंनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"एरवी महिनाभर, आई. तिथे पंधरा दिवससुद्धा नाही. मोठ्या साहेबांच्या टेबलावर एसीचा झोत सरळ येतो."

"तुला गं काय माहीत?"

"त्या केबिनचा नकाशा मीच काढलाय."

सासूबाईंनी पेपराची घडी घातली.

"आणि सही?"

"साहेबांची," ती म्हणाली आणि टेबलावरचा ओला भुसा झाडायला लागली.