नव्वद दिवसांची नोटीस

"आज पैसं काढलं तर नव्वद दिवसांचं व्याज कापलं जाणार, नाना," काउंटरमागून मोहनराव म्हणाले. "बाराशे रुपये. थोडं काढा न्हायतर समदं काढा, कापायचं ते तेवढंच. आदी नोटीस द्या, नव्वद दिवस थांबा, मग एक पैसा जायचा न्हाय. खातंच तसलं हाय. म्हणून तर बारा टक्के देतो आमी."

इंदापूरच्या त्या पतसंस्थेत काउंटरला लागून एक बाक होतं. त्यावर नाना उजवा पाय लांब करून बसले होते. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी. शेजारी बसलेला गडी केव्हाच उठून दाराशी जाऊन उभा राहिला होता. का, ते चतुराबाईला ठाऊक होतं. नवऱ्याच्या पायाच्या वासाला ती एकटीच सरावली होती. साखरेनं नानांचा अंगठा काळा पडला होता. आठ दिवसांत कापा, नाहीतर गुडघ्यातनं पाय जाईल, असं बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गुडघ्यावरही थांबलं नाही तर काय, ते त्यांनी चतुराबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. खर्च पंधरा हजार. आठातले चार दिवस सरले होते.

"कापा ते बाराशे," चतुराबाई म्हणाली. "काढा पैसं."

"थांब," नाना म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक चिक्कू माणसाला हसून म्हणतात. इथं चमडी खरोखरीच निघाली होती, आणि हा बाबा अजून दमडी मोजत बसला होता.

मोहनरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाना, एक करू. डिसेंबरातली तारीख टाकून अर्ज द्या. नोटीस तवाच दिली व्हती, असं धरतो. मॅनेजर दुपारपातुर येत न्हाईत. व्याजबी मिळंल आन् पैसंबी आजच."

चतुराबाईला वाटलं, सुटलो. तिनं फॉर्म ओढूनच घेतला. "सही कुठं करायची त्यांनी, दावा."

नानांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मोहनराव, तुमच्या आबांनी एक डाव पाण्याची पाळी दोन दिस आदी मागितली व्हती. दिली व्हती का मी?"

"कुठली देताय!" मोहनराव हसले. "उसाचं चिपाड झालं आमच्या. आबा मरस्तवर शिव्या द्यायचं तुमाला."

"मग आता मला कसली पाळी मोडून देताय?"

तीस वर्षं नाना कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची दारं त्यांच्या हातात. ज्याचा अर्ज त्याची पाळी, ज्याची पाळी त्याचं पाणी. बागायतदार पाकीट घेऊन आले, कोंबडी घेऊन आले, एकदोघे काठी घेऊनही आले. नानांनी दार तासभरसुद्धा मागंपुढं केलं नाही. ही सचोटी काही हौसेची नव्हती. एकदा जरी हात ओले केले असते, तर लोकांनी माणसाचं नाव घेतलं नसतं, त्याची जात काढली असती. चतुराबाई हे जाणून होती. इतकी वर्षं बायकांत तिनं त्याचा तोराही मिरवला होता. आज तिला त्या सचोटीचा वीट आला.

"अवो, ते पाणी व्हतं," ती म्हणाली. "ह्यो पाय हाय तुमचा."

नानांनी फॉर्म काउंटरवर सरळ केला. "एक सांगा, मोहनराव. नोटीस दिली, आन् नव्वद दिवसांच्या आत खातेदारच गेला तर?"

"असलं कशाला इचारताय, नाना?"

"नियम इचारतोय."

मोहनराव रजिस्टरात बघत पुटपुटले, "मयताला मुदत लागू न्हाय. वारसाला लगोलग देत्यात. पुऱ्या व्याजासकट."

"बाराशे कापत न्हाईत?"

"न्हाय."

नानांनी मान हलवली. खिशातलं पेन काढलं, नोटिशीच्या त्या फॉर्मवर आजची तारीख घातली आणि एकेक अक्षर सुटं काढत सही केली. वारसाच्या रकान्यात त्यांनी कोणालाही न विचारता चतुराबाईचं नाव लिहिलं.

तिला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला. चारचौघांत तोंडाला पदर लावून तिनं तो गिळला. मग काउंटरवर हात टेकून म्हणाली, "मोहनराव, ह्यो कागद बारामतीच्या डॉक्टरला दावला, तर अंगठ्याला नव्वद दिस मिळत्याल का?"

मोहनरावांनी शाईची पेटी पुढं ओढली. शिक्का मारला. चार मार्च एकोणीसशे शहाण्णव. खाली पैसे मिळण्याची तारीख लिहिली, दोन जून. पोच फाडून नानांना दिली.

नानांनी ती दोनदा वाचली, पासबुकात नीट घातली आणि पासबुक चतुराबाईच्या हातात ठेवलं. तिची बोटं त्यावर मिटेपर्यंत त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"जपून ठिव," ते म्हणाले. "तुला लागंल."