पिल्लं उडतील त्या दिवशी

“उठली का गं पिल्लं?” आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

“उठली, आई. चोची वासून बसलीत,” सून म्हणाली आणि अर्धवट वाक्यावर पेन तसंच धरून खिडकीबाहेर बघत राहिली. बाल्कनीतल्या वेलीवर घरटं नव्हतं. पिल्लं तर नव्हतीच.

सकाळची ही वेळ तिची स्वतःची. दिवसभर दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटची नावं पुकारायची, फोन घ्यायचे, गाल धरून बसलेल्यांना धीर द्यायचा. पण उजाडायच्या आधी घर शांत असे. नवऱ्याचं घोरणंसुद्धा दाराआडून सुसह्य वाटे. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचा कप, समोर बाल्कनी. आज कोणतं पाखरू आधी बोललं, त्या बोलण्याला नेमका शब्द कोणता, उजेड कुठल्या पानावर पहिल्यांदा उतरला, हे कागदावर आणताना तिला असं काही सुख मिळायचं की विचारू नका. रविवारच्या पुरवणीत तिचं छोटंसं सदर यायचं. त्यात बुलबुलाचं घरटं आलं आणि वाचक त्या पिल्लांचे मामा-मावश्याच होऊन बसले.

आणि तिथेच माशी शिंकली. टेबलापाशी बसून घरटं नीट दिसेना, मधे पानं यायची. एका संध्याकाळी तिने कात्री घेतली आणि आड येणारी पानं छाटून टाकली. पाखराला आडोसा लागतो, घरट्याला हात लावू नका, असं तिनेच आदल्या रविवारी लिहिलं होतं. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी नेमकी तिला उशिरा जाग आली. बाल्कनीत येऊन बघते तर वेल अर्धी लोंबतेय, घरटं फरशीवर उलटं, आणि कठड्यावर कावळा. पिल्लांचा पत्ता नाही. “मेल्या!” म्हणून तिने त्याला हाकललं खरं, पण शिवी कुणाला द्यायला हवी होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. रडू आवरत तिने घरटं उचललं. तेवढ्यात आतून हाक आली, “उठली का गं पिल्लं?”

सासूबाई पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडल्या होत्या. तळहातावर ओरखडे होते. “खाटेचा पत्रा लागला,” त्या म्हणाल्या.

“उठली,” सून म्हणाली. दुसरं काही तोंडातून निघेचना.

कारण तसंच होतं. मांडीचं हाड मोडल्यापासून सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालल्या नाहीत तर कायमच्या पडून राहतील. पण बाई ऐकेल तर शपथ! मुलगा विनवून थकला, सून रागावून थकली. शेवटी घरट्याची बातमी कळली तेव्हा म्हातारी आपणहून म्हणाली, “पिल्लं उडतील त्या दिवशी उठेन. तोवर माझ्यामागे लागू नका.”

घरटं पडलं त्या सकाळपासून सून रोज खोटं बोलत होती, आणि रविवारी तेच छापून आणत होती. पिल्लांना पिसं फुटली, पिल्लं भांडली, धाकटं घरट्याच्या काठावर चढलं. वाचकांची कौतुकं यायची आणि तिला घास गोड लागायचा नाही.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई एकदा जाताना दारात थांबल्या. “आजींचं काय बिनसलंय? आधी निदान पाय तरी हलवायच्या. हल्ली हात लावू देत नाहीत.”

सुनेला आणखीच धास्ती बसली. आता त्यांना उठवतील तर ती पिल्लंच.

“सरळ सांगून टाक, उडाली म्हणून,” नवरा म्हणाला. “पहाटेच गेली म्हणावं.”

“आणि मला का नाही उठवलंस म्हणाल्या तर?”

“मग कावळ्याचं सांग.”

“म्हणजे संपलंच. पुन्हा उठायच्या नाहीत त्या.”

“मग लिहीत राहा. पिल्लांना नातवंडं होतील तुझ्या.”

तिला हसू आलं नाही.

त्या सकाळी बाहेर सगळं जिथल्या तिथे होतं. दयाळ पक्षी गात होता, समोरच्या झाडावर उजेड उतरत होता, चहा वाफाळत होता. कागद मात्र कोरा. एवढ्या सुंदर सकाळीकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटली. पुरे झालं, तिने ठरवलं.

“उठली का गं पिल्लं?”

ती आत गेली आणि खाटेच्या कडेला बसली. “आई, पिल्लं नाहीत. केव्हाचीच नाहीत. मला नीट दिसावं म्हणून मी पानं कापली, आणि घरटं उघडं पडलं. कावळ्याने नेली. मी तुम्हाला रोज फसवलं. माझ्यावर काय हवा तो राग काढा, पण उठायचं सोडू नका. पाया पडते तुमच्या.”

 सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले आणि उभ्या राहिल्या. सून हात द्यायला धावली, तो त्यांनी धरला नाही. रोजचा रस्ता असावा तशा त्या स्वयंपाकघरातून सरळ बाल्कनीपर्यंत चालत गेल्या.

“त्या पहाटे तुम्ही झोपला होतात,” वेलीकडे पाठ करून त्या म्हणाल्या. “म्हटलं, आपणच चालत जाऊन बघावीत, मग तुम्हाला चकित करावं. इथे येऊन तोल गेला, आधाराला हाताशी वेल आली. कावळा नंतर आला गं.”