पाहुण्यांची वही

“सहा भेटींत तुम्ही माझा आवाज मऊ करणार, असं कानावर आलंय,” डेल्फीन कोटही न काढता म्हणाली.

रेनेटाने आपल्याला आलेलं पत्र टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: गरजूंना जेवण देणाऱ्या हेझल स्ट्रीट किचनच्या संचालक डेल्फीन टिब्ज कामात चोख आहेत, पण मंडळाशी उद्धटपणे वागतात. त्यांची संस्कृती जाणणारी कोच हवी, म्हणून आपली नेमणूक करत आहोत. सुधारणा दिसली नाही, तर वार्षिक जेवणाच्या वेळी नवा संचालक जाहीर करावा लागेल. खाली अध्यक्ष वॉरन हॅलस्टेड यांची झोकदार सही होती.

“संस्कृती जाणणारी,” डेल्फीन म्हणाली. “सरळ ‘काळी’ लिहायला शाई संपली होती वाटतं.”

“असा काय उद्धटपणा केलास तू?”

“ताट मिळण्याआधी म्हाताऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला दाखवायचा, असा ठराव आणला होता. मी तो भर सभेत फाडला. मी गेले ना, की दुसऱ्या दिवशी दाराशी दाखले मागतील. ऐंशी वर्षांच्या बायकांकडे.”

रेनेटाला ती पाहताक्षणीच आवडली. टोलेडोत येण्याआधी रेनेटाही क्लीव्हलंडला एका संस्थेची प्रमुख होती. नऊ वर्षं तिने आवाज खाली आणि हसू वर ठेवलं, आणि शेवटी मंडळाने केक कापून तिला घरी पाठवलं. तेव्हापासून आपल्या माणसांना उलटंच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

“हे बघ पोरी, लहान होऊन कोणी तगत नाही,” ती म्हणाली. “तू आहेस तशीच पाय रोवून कशी उभी राहशील, ते आपण बघू.”

डेल्फीनने पत्र घडी करून परत सरकवलं. मग तिने विचारलं, “तुम्ही त्यांना दर आठवड्याला कळवणार?”

“फक्त तू येतेस की नाही, एवढंच.”

दुसऱ्या भेटीला आली ती वेगळीच बाई. केस नीट बांधलेले, तोंडभर हसू.

“मिस रेनेटा, मला पाहुणचार शिकवा,” ती म्हणाली. “साहेबांच्या मते माझ्यात तो कमी आहे.”

तिच्या काखेत हिरव्या कापडी पुठ्ठ्याची जाडजूड वही होती. किचन सुरू करणाऱ्या पाच बायकांपैकी एकट्या मिस वर्नेल उरल्या होत्या, त्यांच्या कपाटातून ती निघाली होती. पहिलं पान बारीक अक्षरांनी भरलेलं होतं आणि पुढे नुसत्या सह्या. पंधरा वर्षं ती कोणी उघडलीच नव्हती. मंडळ तिला पाहुण्यांची वही म्हणायचं.

“ही घेऊन घरोघरी जाणार आहे,” डेल्फीन म्हणाली. “सोबत घरी भाजलेला रताळ्याचा गोड पाई. सह्या घ्यायच्या आणि वार्षिक जेवणाचं बोलावणं करायचं.”

रेनेटाचा जीव तुटला. “तू ठराव फाडणारी बाई आहेस. पाई कसले वाटतेस?”

“हो मॅम,” डेल्फीन हसून म्हणाली.

पुढच्या प्रत्येक भेटीत तेच. रेनेटा तिला चुचकारायची, डिवचायची, एकदा तर चक्क रागावली. डेल्फीन मान डोलवायची आणि या आठवड्यात किती सह्या झाल्या, ते सांगायची. हात थरथरणाऱ्यांनीही स्वतःच सही करायची, असा तिचा हट्ट होता. हॅलस्टेडसाहेबांचा मात्र आनंदाने फोन आला. “तुम्ही तर जादू केलीत,” ते म्हणाले. त्या दिवशी रेनेटाला जेवण गेलं नाही. आपण एका वाघिणीची मांजर करून ठेवली, असं तिच्या मनाने घेतलं.

वार्षिक जेवणाला किचनचा हॉल गच्च भरला. तळलेलं चिकन आणि कोलार्डची पालेभाजी यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. दाराशी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मिस वर्नेल टोपी घालून बसल्या होत्या. समोर वही, हातात पेन.

“अहो वर्नेल, मी काय पाहुणा आहे?” हॅलस्टेड हसत पुढे गेले. मंडळाची बाकीची सहा माणसंही त्यांच्या मागून गेली. मिस वर्नेलना नुसत्या नावाने हाक मारलेली ऐकून रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मिस वर्नेलनी वही मिटली.

प्रार्थना झाली, ताटं वाढली गेली आणि हॅलस्टेड उठले. डेल्फीनमध्ये कमालीची सुधारणा झाली आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तरीही संस्थेला नव्या दमाची गरज आहे, म्हणून मंडळाने आज नवा संचालक नेमला आहे. दाखल्याचा नियमही सोमवारपासून लागू होईल.

रेनेटा तिरमिरीत उठली. क्लीव्हलंडचाच केक, तेच हसू. डेल्फीनने तिचं मनगट धरलं.

“बसा, मिस रेनेटा. भाजी गार होतेय.”

तेवढ्यात मिस वर्नेल काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि चर्चमध्ये वाचावं तसं खणखणीत वाचलं.

“या वहीत ज्याची सही, तो या किचनचा सभासद. मंडळ नेमायचं आणि काढायचं, ते वार्षिक जेवणाला जमलेल्या सभासदांनी हात वर करून. हा नियम सभासदांशिवाय कोणी बदलू नये.” त्यांनी चष्मा काढला. “हे मंडळ नको, असं कोणाला वाटतं?”

काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. एकशे त्रेचाळीस हात वर गेले.

“आमचा विरोध आहे,” हॅलस्टेड म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला.

डेल्फीन वही आणि पेन घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि रेनेटाने सहाही भेटींत कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाली, “इथे सही करा, साहेब, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हालाही मत देता येईल.”