गादी लख्ख झाली

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सकाळी आवरलं नाही, गादी ओली झाली. सूनबाईंनी त्यांना उचलून खुर्चीत ठेवलं आणि मोबाईल गादीवर रोखला. "मैत्रिणींनो, डागावर खायचा सोडा भुरभुरवा आणि छान मुरू द्या. घाई अजिबात करायची नाही!"

"अगं, माझा गाऊन ओला आहे गं."

"थांबा हो आई, मागून तुमचा आवाज येतोय!"

दुपारपर्यंत गादी चांदणं सांडल्यासारखी पांढरी झाली. 'काय नशीबवान सासू!' म्हणत मोबाईलवर कौतुकाचा पाऊस पडला.

संध्याकाळी मुलगा घरी आला. "गादी तर लख्ख दिसतेय. मग वास कसला येतोय?"



खुर्चीतून आई म्हणाली, "बाळा, सोडा उरला असेल तर चिमूटभर माझ्यावरही टाक."