चिरेला हात लावायचा नाही

"चीर आहे, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तिला हात लावायचा नाही. फक्त साफ करा आणि वर लेप द्या. नव्यासारखा दिसला पाहिजे."

मिस्त्रींनी मॅनिफोल्ड दिव्याखाली फिरवला. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा, चार तोंडांचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जड तुकडा. गंजलेला, काजळलेला. तिसऱ्या तोंडाच्या गळ्याशी केसाएवढी चीर होती.

"बाई, यातून धूर गळणार आणि गाडीत शिरणार. त्यातल्या विषारी वायूला वाससुद्धा नसतो. माणूस बसल्या जागी झोपतो, तो उठतच नाही."

"कल्पना आहे."

"गाडी कोण चालवणार आहे?"

"ते विचारू नका. म्हणून तर आमच्या गावात न देता इतक्या लांब आले." बाईंनी दुकानभर नजर फिरवली. "इथे आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"बरं. याबद्दल कुणाशी बोलू नका. घरीसुद्धा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या दाराकडे वळल्या, आवाज खाली गेला. पण इतकी वर्षं ग्राइंडरशेजारी काढूनही मिस्त्रींचे कान शाबूत होते.

"हो, दहा जण... नाही, त्यांना आधी काही कळता कामा नये... हो, शुक्रवारी सकाळी."

नकार अगदी ओठांवर होता. पण नाही म्हटलं तर बाई पुढच्या गल्लीत जाणार, आणि तिथला गडी लेप देतो म्हणजे कुंपण रंगवतो. तो चीर झाकेल आणि चहा प्यायला जाईल.

"गुरुवारी संध्याकाळी न्या," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दहा जण म्हणजे मोठी गाडी. त्यात पोरंबाळंही असतील. पोलिसांत जावं, तर सांगायचं काय? एक बाई लेप द्या म्हणाली, हे? साहेबांनी खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि घरी पाठवलं असतं.

दुपारी लेकीचा फोन आला. परीक्षेसाठी ती आठवडाभर मावशीकडे राहिली होती.

"बाबा, जेवलास का?"

"जेवलो." ते जेवले नव्हते.

"आवाज असा का येतोय तुझा?"

"धूळ गेली घशात. तू अभ्यासाचं सांग."

गाड्या पास करणाऱ्या तपासणीसाची परीक्षा होती. दोनदा थोडक्यात हुकली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे पोरगी नियमांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपत होती.

"पाठ आहे रे सगळं. पण आयत्या वेळी घाबरते आणि भलतंच लिहून बसते."

"खात्रीने माहीत आहे तेवढंच लिही. मनाचं काही जोडू नकोस."

"शंभरदा सांगितलंस."

बाईंची गोष्ट तिला सांगून टाकावी असं त्यांना फार वाटलं. मन मोकळं झालं असतं. पण परीक्षेच्या तोंडावर तिच्या जिवाला घोर कशाला? त्यांनी फोन ठेवला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

आधी वाळूचा मारा करून त्यांनी गंज आणि काजळी उतरवली. करडं बीड उघडं पडलं, तशी चीर आणखी स्पष्ट दिसली. पुढे पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं. मग तुकडा तापवून चीर आतून-बाहेरून वेल्डिंगने भरली आणि तो राखेत पुरून ठेवला. बीड घाईने थंड केलं की पुन्हा तडकतं. रस्त्यावर गाडी थांबली की ते दचकत होते. चोरी करताना माणूस एवढा घाबरत नसेल.

दुसऱ्या दिवशी जोड घासून सपाट केला. बाहेरून खडू फासला, आत रॉकेल भरलं आणि तासभर वाट पाहिली. खडू कोरडाच राहिला. मग तुकडा पुन्हा धुऊन, हातमोजे घालून त्यांनी लेप चढवला. उघडं बोट लागलं तर त्याचा तेलकट डाग आचेवर उमटतो. भट्टीची आच पायरीपायरीने वाढवली. तुकडा बाहेर आला तेव्हा जोड कुठे होता, हे खुद्द त्यांनाही बोटाने सापडेना.

गुरुवारी बाई आल्या. "सुंदर! चिरेला हात लावला नाहीत ना?"

"नाही." मिस्त्रींचे कान तापले.

"पण दिसत नाही ती."

"लेप ताजा आहे. सहजी नाही दिसायची."

"तेच हवं होतं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्याने मिस्त्रींच्या अंगावर काटा आला.

शुक्रवारी सकाळी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. जोड धरेल ना, हे शंभरदा मनात घोळवून झालं. दुपारपर्यंत मात्र त्यांना हलकं वाटू लागलं. दहा माणसं आज धडधाकट घरी पोचणार होती. शाबासकी मिळणार नव्हती, आणि नकोही होती.

संध्याकाळी लेक परतली ती थेट दुकानात. बॅग खांद्यावरून न उतरवताच स्टुलावर बसली.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"गेली, बाबा. लेखी छान झाली होती. आज सकाळी प्रत्यक्ष तपासणी होती. आम्हा दहा जणांना एकेक करून आत बोलावलं आणि एकच तुकडा पुढे ठेवला. दोष शोधा म्हणाले. मी बॅटरी लावून पाहिलं, तीनदा बोट फिरवलं. या वेळी अजिबात घाबरले नाही. दोष नाही, असं लिहिलं."

"मग?"

"परीक्षक बाई म्हणाल्या, तिसऱ्या तोंडाच्या गळ्याशी चीर आहे. मी स्वतः पाहून तो लेपाला दिला होता, आणि मिस्त्रीला बजावलं होतं, चिरेला हात लावायचा नाही."