कोरं विमान

युद्ध संपून सहा महिने झाले होते. उरलेली लढाऊ विमानं मोडायच्या कामाला लागलेला लोहार एका पंखासमोर हातोडा उगारून तसाच थबकला. पंखावर खडूने 'पास' लिहिलं होतं आणि अक्षर त्याच्या बायकोचं होतं. ती विमानांच्या कारखान्यात तपासनीस होती.

"मुकादम, हे कोरं करकरीत आहे हो. खडूसुद्धा पुसलेला नाही!"

"युद्ध संपलं म्हणून ऑर्डर थोडीच संपते? तू मोड, डोकं चालवू नकोस."

लोहाराचं डोकं चालेना आणि हातही चालेना. बायकोने जीव ओतून केलेलं काम आपणच मोडतोय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? हातोड्याचा दांडा ठाकूनठोकून घट्ट बसवण्यात त्याने उरलेला दिवस काढला.

संध्याकाळी तो चोरासारखा घरात शिरला. बायको कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"अहो, आज झोपा काढल्यात की काय? सकाळपासून आमचं काम बंद! अशाने दोघांच्याही नोकऱ्या जातील. कालची विमानं मोडून तुम्ही पत्रा पाठवलाच नाहीत, मग आज आम्ही नवी बनवायची कशाची?"