ऑइलचा दिवा

"झालं. नीघ आता," बॉनेटखालून डोकं बाहेर काढत बाबा म्हणाले आणि चिंधीला हात पुसू लागले.

निघायचं तर होतंच. लेकीची रजा संपली होती. आई जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता आणि या माणसाला इथे एकटं सोडायचं की बरोबर न्यायचं, हे काही केल्या तिचं ठरत नव्हतं. विचारलं की ते म्हणत, "मला काय धाड भरलीय?" खरंच तसं काही दिसतही नव्हतं. वेळेवर जेवत होते, गॅरेज उघडत होते, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होते.

"तुझा बाप म्हणजे खडक आहे गं," शेजारच्या शेडमधले वेल्डरकाका तिला कौतुकाने सांगत होते. "डोळ्यातून टिपूस नाही." तिला त्याचीच भीती वाटत होती. तिचं स्वतःचं रडंही कुठेतरी अडकून बसलं होतं.

सकाळपासून बाबा तिच्या गाडीच्या मागे लागले होते. लांबचा पल्ला, एकटी जाणार, तेव्हा ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा हवाच. गाडीत होता तो नुसता दिवा, प्रेशर गेलं की लाल होणारा. "तो लागेपर्यंत इंजिनाचा निकाल लागलेला असतो," ते म्हणाले. दिव्याच्या सेन्सरजवळच काट्याचाही सेन्सर बसवला असता तर दोघांचं ओझं एका पितळी जोडावर लोंबकळलं असतं आणि थरथरून जोड कधीतरी तुटला असता. म्हणून त्यांनी तिथे रबरी नळी जोडून दोन्ही सेन्सर बाजूला नेले आणि बॉडीवर एका पट्टीला बसवले. काम देखणं झालं होतं. एक क्लिप वाकडी नव्हती.

ती गाडीत बसली. चावी अर्धीच फिरवली. इंजिन चालू करण्याआधी समोरचे दिवे बघायचे, ही त्यांचीच शिकवण. बॅटरीचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. ऑइलचा लागला नाही.

"बघ, एकदम ठणठणीत!" वेल्डरकाका खिडकीतून डोकावले. "दिवा नाही म्हणजे तक्रार नाही."

"काका, इंजिन बंद आहे. बंद इंजिनात प्रेशर कुठलं? आत्ता तो लागायलाच हवा."

बाबा आले. दिव्याच्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"बल्ब गेला असेल," ते म्हणाले.

ती चपापली. गाडीच्या बाबतीत बाबा कधी 'असेल' म्हणत नसत. ती उतरली, बॉनेट उघडलं आणि वाकून बघितलं. पट्टीखाली त्यांनी रबराचे वॉशर घातले होते. सेन्सरला वायर एकच असते, वीज परत जाते ती इंजिनाच्या लोखंडातून. सेन्सर तिथून उचलून रबरावर बसवला की ती वाट तुटते आणि अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागते. ही एक वायर विसरणाऱ्या किती जणांचा बाबांनी आजवर उद्धार केला होता.

"बाबा, अर्थिंग?"

ते वाकले. दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसं बघत राहिले.

"राहिलं," ते म्हणाले. हात मात्र पुढे केला नाही.

मग तिनेच वायरचा तुकडा तोडला, टोकं सोलली, एक पट्टीला आणि एक बॉडीच्या बोल्टखाली आवळलं. बाबा शेजारी उभे होते.

"ती कधी काही बोललीच नाही गं," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "दुखतंय, खुपतंय, काही नाही. मला आपलं वाटायचं, बरी आहे."

वेल्डरकाका काहीतरी पुटपुटत आपल्या शेडकडे गेले. तिने स्वतःही फोनवर दर वेळी 'बरी आहेस ना?' असंच विचारलं होतं, आणि आईचं 'हो' ऐकून फोन ठेवला होता.

"तुम्ही माझ्याबरोबर येताय," बोल्ट आवळता आवळता ती म्हणाली.

बाबांनी वाद घातला नाही. तेलकट कपड्यांनिशीच ते पलीकडच्या दाराने आत जाऊन बसले. तीही बसली. चावी अर्धी फिरवली. दिवा लागला, लालभडक.

"लागला," ती म्हणाली. "आता इंजिन चालू केलं की विझेल."

त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब," बाबा म्हणाले. "राहू दे जरा लागलेला."